अर्धा त

दांडिया बाजारातल्या छापखान्यात
ह्यांनी एकतीस वर्षं खिळे जुळवले.
केसकडे बघायचेसुद्धा नाहीत.
गप्पा मारता मारता बोट नेमक्या घरात जायचं,
अर्धा त इथे, रफार तिथे,
आणि लग्नपत्रिकेतलं ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’
चहा निवायच्या आत उभं.

आता तीच केस कुणीतरी
तोंडात सांडली आहे.

सयाजी हॉस्पिटलात डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
डाव्या बाजूला, कपाळाच्या मागे,
चिंचोक्याएवढं काळं.
म्हणाले, शब्द शाबूत आहेत, जीभ शाबूत आहे,
मधला रस्ता गेलाय.
मी विचारलं, डोक्यावर परिणाम नाही ना?
म्हणाले, परिणाम डोक्यावरच आहे, पण कळतंय सगळं.
हे माझ्याकडे बघत होते.
कळत होतं सगळं.

मंगळवारी आणि शुक्रवारी झंखनाबेन येते,
पर्समधून छोटा आरसा काढते.
बोलो काका, पा. पा. पा.
ता. ता. ता.
का.
सुटं सुटं येतं.
मग तिघांना एका ओळीत बसवायचं, पताका,
की ओठ चाचपडू लागतात,
दिवे गेल्यावर काडेपेटी शोधावी तसे.
ताकापा. पाताप्पा. काप्ता.
एकच चूक दोनदा होत नाही.
मी घरी बसून ह्यांची प्रुफं तपासलेली बाई,
चूक एका जागी थांबली तर तिला खूण करता येते.

आणि आरती मात्र सबंध!
एक ते चाळीस आकडे, न अडता.
परवा जिन्याखाली ओळखीचा रिक्षावाला दिसला
तर तोंडातून खणखणीत,
“केम छो भाई, मजामां?”
मी मागे पिशवी धरून उभी.
साडेतीन महिने माझं नाव
वस्तला, वच्चला, लत्सवा,
एकदा तर तवसा
(तवसं म्हणजे काकडी, त्यावर दोघंही हसलो,
ते हसू अगदी शुद्ध आलं).
त्या रात्री मी पान वाढलं आणि बोलले नाही.
ह्यांना ते कळायला
जरा वेळच लागला असेल.

झंखनाबेन म्हणाली, ते बोलणं वेगळं, काकी,
ते घासून गुळगुळीत झालेलं, आपोआप घरंगळतं.
तुमचं नाव काका मुद्दाम घेऊ बघतात,
म्हणून अडतं.

मुद्दाम?
चव्वेचाळीस वर्षांत कधी घेतलं होतं?
“अगं” होतं. “ऐकलंस का” होतं.
पाहुण्यांसमोर “ही”.

छापखाना विकला तेव्हा हे एक स्टिक घेऊन आले होते,
आणि बिस्किटाच्या डब्यात मूठभर खिळे.
उजवा हात अजून परका आहे.
काल डाव्याने जुळवायला बसले.
व. अर्धा त.
मग एक जाडशी स्पेस.
मग स, मग ला.
मी म्हटलं, मध्ये जागा कशाला, नाव तुटतंय.
त्यांनी ती स्पेस काढली,
माझ्या तळहातावर ठेवली.
स्पेसही शिशाचीच असते.
कागदावर उमटत नाही, पण वजन असतं.
मग परत घेतली,
परत तिथेच बसवली.

आज सकाळी दूध तापत ठेवलं होतं.
पाठीमागून आलं,
वत्

मी वळले नाही.
खालून खंडेराव मार्केटकडे भाजीचा टेम्पो गेला.
दूध कडेने वर येऊ लागलं होतं.
गॅसकडे हात नेला,
आणि तसाच ठेवला.